पिकअप विकू, की शेळ्या कमी भरू?

(पत्र मोठं होतं. नाव-गाव वगळून त्यातला मुद्द्याचा भाग देते आहे.)

"डॉक्टर ताई, मी माणदेशातला. वय 31. चार एकर कोरडवाहू, घरच्या वीस शेळ्या, दोन म्हशी. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून पिकअप घेतली. दर रविवारी गावातली जनावरं 38 किलोमीटरवरच्या बाजाराला नेतो. हौदा नऊ फूट बाय साडेपाच फूट. त्यात पंचवीस शेळ्या बसतात, सणाच्या तोंडावर तीससुद्धा. शेळीमागे 60 रुपये घेतो. आता व्हॉट्सॲपवर फिरतंय की नवा कायदा येतोय, जनावरं वाहिली की 75 हजार दंड आणि तीन वर्षं कैद. दोन महिन्यांपूर्वी शेजाऱ्याने विकत घेतलेली गाभण गाय आणत होतो. रात्री काही पोरांनी गाडी अडवली, कागद मागितले. माझ्याकडे फक्त बाजाराची पावती होती. तीन तास गाय हौद्यात उभी. वडील म्हणतात गाडी विकून टाक, बायको म्हणते हप्ते कोण भरणार. आणि एक गोष्ट घरातसुद्धा सांगितली नाही. मे महिन्यात माझ्या गाडीत एक पाट (तरणी शेळी) मेली. बाकीच्यांच्या खाली दबली होती. मालकाला पैसे देऊन टाकले, तो काही बोललाही नाही. पण तेव्हापासून फाळका उघडताना हात थांबतो. शहरातल्या लोकांनी शेतकऱ्याला जगू द्यायचं नाही असं ठरवलंय का? की चुकतंय ते माझंच?"

तुमच्या पत्रात कायदा, दंड, कागद असं बरंच आहे. पण मी आधी त्या पाटीबद्दल बोलते, कारण पत्र तुम्ही तिच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं.

मी 29 वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम केलं, त्यातली बरीचशी दुष्काळी तालुक्यांत. बाजाराच्या दिवशी सकाळी दवाखान्यापुढे पिकअप येऊन थांबायची आणि कुणीतरी मेलेली किंवा मरायला टेकलेली शेळी उचलून आणायचा. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, डावी कूस वर आलेली, जीभ निळी. शेळी रवंथ करणारं जनावर आहे. तिच्या पोटात सतत वायू तयार होत असतो आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. ती उभी असेल किंवा छातीवर बसलेली असेल तर ढेकर सहज येतो. आडवी पडली, वर दुसऱ्या दोघी-तिघी चढल्या, की ढेकर अडतो, पोट फुगतं आणि फुगलेलं पोट फुफ्फुसांना दाबत राहतं. याला फार वेळ लागत नाही. तुमची पाट बहुधा अशीच गेली असेल. एखाद्या वळणावर लेंड्या-मुतानं ओल्या झालेल्या पत्र्यावरून पाय सरकला असेल आणि उठायला जागा मिळाली नसेल. तुम्ही तिला मारलं नाही. पण ती ठासून भरल्यामुळे मेली. तुम्हाला हे ठाऊक आहे, म्हणून तर हात थांबतो. तो थांबू द्या. ज्याचा हात थांबत नाही त्याच्या गाडीत मी माझं जनावर देणार नाही.

आता कायदा. तुम्ही म्हणता नवा कायदा येतोय. थोडं मागे जाऊ या.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा 1960 चा आहे. जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं हा त्यात तेव्हापासून गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. आज दहा रुपयांत धड दोन कप चहा येत नाही. या कायद्याखाली जनावरांच्या वाहतुकीचे नियम आले 1978 मध्ये. गाई-म्हशींना प्रत्येकी किमान दोन चौरस मीटर जागा, एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त नाहीत, हौद्यात पाय घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, सोबत एक माणूस, प्रवासापुरता चारा-पाणी आणि जनावर प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला, हे सगळं त्यात आहे. साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या भरू नयेत, हेही आहे. पुढे 2015 मध्ये मोटार वाहन नियमांत भर पडली आणि 1 जानेवारी 2016 पासून शेळी-मेंढीला किमान 0.3 चौरस मीटर आणि गाई-म्हशीला दोन चौरस मीटर असं माप कायम झालं. जनावरांच्या गाडीत प्रत्येकी वेगळे, कायमचे कप्पे हवेत, तशी गाडी बदलून आरटीओचा खास परवाना हवा आणि त्या गाडीत दुसरा माल नको, असंही त्यात आहे.

म्हणजे तुम्ही गाडी घेतली त्या दिवशी हे नियम होतेच. गाडी विकणाऱ्यानं सांगितलं नाही, कर्ज देणाऱ्यानं विचारलं नाही, बाजारात कुणी मोजलं नाही.

तो 75 हजारांचा आकडा कुठून आला तेही सांगते. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने 1960 च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारा मसुदा लोकांसमोर ठेवला आणि 7 डिसेंबरपर्यंत हरकती मागवल्या. त्यात 'अतिक्रूरता' असा वेगळा गुन्हा सुचवला होता. जनावराला कायमचं अपंगत्व येईल किंवा ते मरेल इतक्या भयंकर यातना देणं, अशी त्याची व्याख्या. 50 ते 75 हजार दंड किंवा तीन वर्षांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, ही त्या गुन्ह्यासाठी सुचवलेली शिक्षा आहे. कागद घरी राहिला म्हणून नाही. जुन्या 10-50 रुपयांच्या दंडातही मोठी वाढ सुचवली होती, आणि खरं सांगायचं तर ती व्हायलाच हवी. हा मसुदा अजून मसुदाच आहे. पण आज ना उद्या तो किंवा त्याच्यासारखा दुसरा येईल, असं धरूनच चाला. बैलगाडा शर्यतीचा वाद तुमच्याकडे घराघरात माहीत आहे. त्याच वादातल्या 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की भूक-तहान, वेदना, भीती यांपासून जनावराला मोकळीक असायला हवी. तेव्हापासून वारं त्याच दिशेचं आहे. युरोपातही डिसेंबर 2023 मध्ये कत्तलीसाठी नेल्या जाणाऱ्या जनावरांचा प्रवास नऊ तासांवर आणण्याचा आणि कडक उन्हात दिवसाच्या वाहतुकीवर बंधन घालण्याचा प्रस्ताव आला. तिथले पशुपालकही खर्च कुणी सोसायचा म्हणून भांडताहेत.

खर्चाचाच हिशोब करू या, कारण "नियम पाळला तर धंदा बसतो" हे तुम्ही गृहीत धरलंय. तुम्हीच दिलेले आकडे घेते.

नऊ बाय साडेपाच म्हणजे साधारण 49 चौरस फूट, म्हणजे 4.6 चौरस मीटर. शेळीला 0.3 धरलं तर पंधरा शेळ्या. गाई-म्हशी दोन. आज तुम्ही पंचवीस शेळ्यांचे 60 रुपयांप्रमाणे 1500 रुपये मिळवता. पंधरा शेळ्यांमध्ये तेच 1500 हवे असतील तर शेळीमागे 100 रुपये घ्यावे लागतील. फरक चाळीस रुपयांचा. बाजारात एक बोकड काही हजारांना जातो, आणि तिथे हेडी (जनावरांचा व्यापारी) त्याचा दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, मग भाव बोलतो. दबून, घामेजून, मान टाकून उतरलेल्या बोकडाचा भाव चाळीस रुपयांनीच पडतो का, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. प्रवासाच्या ताणानं वजन घटतं, पोट रिकामं होतं आणि जिवंत वजनावर विकताना ते सरळ खिशातून जातं. विकत आणलेल्या जनावराचं तर आणखी वाईट. ताणानं अंगातली ताकद उतरते आणि चार-आठ दिवसांत फुफ्फुसदाह, घटसर्प, शेळ्यांत पीपीआरची साथ असलं काहीतरी डोकं वर काढतं. दवाखान्यात येणारे लोक म्हणायचे, "नवीन जनावर धार्जिणं नाही." मी विचारायचे, आणलं कसं? उत्तर ऐकलं की धार्जिणेपणाचं कोडं सुटायचं.

आणि तुम्ही मालकाला भरून दिलेली पाटीची किंमत या हिशोबात मी धरलेलीच नाही.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तुम्ही एकट्याने पंधरावर थांबलात तर बाकीच्या दहा शेळ्या शेजारच्या गावचा पिकअपवाला साठ रुपयांत घेऊन जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणून हे एकट्याने करू नका. गावात शेळ्या असलेली घरं किती आहेत? त्यांना पारावर बसवून हा चाळीस रुपयांचा हिशोब सांगा, आणि त्या पाटीबद्दलही सांगा. तुम्ही लपवून ठेवलेली तीच गोष्ट लोकांना पटकन समजेल. एका फेरीऐवजी दोन फेऱ्या करता येतात. पहाटे पाचला पहिली, साडेसातला दुसरी, आणि येताना रिकामं न येता बाजारातून पेंड-सरकी आणायची (जनावरांसोबत नाही, ती उतरल्यावर). ज्यांना विकायची घाई नाही त्यांची जनावरं पुढच्या रविवारी. सणाच्या आधीच्या गर्दीत तीस भरायचा मोह होईल. त्याच दिवसांत ऊन, गर्दी आणि रस्त्यावरची तपासणी तिन्ही जास्त असतात.

हौद्याबद्दल दोन-तीन गोष्टी, ज्या मी स्वतः पाहिल्या आहेत. नुसत्या पत्र्यावर जनावर उभं करू नका. काथ्याची चटई किंवा आडव्या लाकडी पट्ट्या ठोका, वर उसाचं पाचट नाहीतर भुसा पसरा, म्हणजे मूत शोषलं जातं. हौदा मधोमध एका आडव्या फळीने विभागा. ब्रेक दाबल्यावर सगळ्या शेळ्या पुढे येऊन एकमेकींवर चढतात, ते थांबतं. बोकड आणि शेळ्या एकत्र नकोत, गाभण जनावर आणि लहान पिल्लं एकत्र नकोत. पाय बांधून आडवी टाकलेली शेळी तर कधीच नको, ढेकरेचं वर सांगितलंच आहे. गाय-म्हैस भरताना तोंड केबिनकडे ठेवा. दावं इतकं लांब हवं की मान खाली करता येईल, पण पाय अडकणार नाही. आणि उन्हात गाडी उभी करू नका. चालत्या गाडीत निदान वारा लागतो. चहासाठी अर्धा तास उन्हात थांबलेल्या गाडीचा हौदा तव्यासारखा तापतो. मे महिन्यातली तुमची फेरी किती वाजता होती, ते पत्रात नव्हतं.

चढ-उतार हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मोडलेले पाय मी प्रवासातले कमी आणि उतरवतानाचे जास्त पाहिले. फाळका खाली पाडून शेपूट पिळत म्हशीला तीन फुटांवरून उडी मारायला लावतात, ती गुडघ्यावर आपटते आणि कडेचे लोक हसतात. एका दिवाळीत अशीच एक म्हैस माझ्याकडे आली होती. दुसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण, पुढचा गुडघा फुटलेला. मालकीण तिच्या मानेला धरून बसली होती आणि सारखं एकच विचारत होती, "उठंल ना ओ?" ती उठली नाही. तुमच्या बाजारात धक्का, म्हणजे जनावर चढवा-उतरवायचा ओटा, आहे का? असेल तर रांगेत थांबून तिथेच उतरवा. नसेल तर मातीचा भराव टाकून उतार करायला बाजार समितीचा असा किती खर्च येतो? बाजार समिती प्रत्येक जनावरामागे पावती फाडते. धक्का आणि पाण्याची टाकी मागणं हा तुमचा हक्क आहे.

वडिलांचं म्हणणंही मी टाकून देणार नाही. त्यांच्या तरुणपणी जनावरं बाजाराला चालत जायची. वाटेत ओढ्याला पाणी, लिंबाखाली दुपार, एखादा मुक्काम. त्या पिढीला जनावराच्या थकव्याचा अंदाज होता, कारण ते बरोबरीनं चालायचे. गाडी आली आणि चालवणाऱ्याची पाठ जनावराकडे झाली. गाडी विकून तो अंदाज परत येणार नाही, आणि बाजार गाठायला गावाला कुणाची तरी गाडी लागणारच. ती तुमच्यासारख्याची असावी असं मला वाटतं. पण वडिलांना एखाद्या रविवारी सोबत न्या. जनावरांसोबत एक माणूस हवा असं नियमच म्हणतो, आणि मागे काय चाललंय ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

आता त्या रात्रीबद्दल. तुमच्यावर अन्याय झाला आणि त्या गाईवर त्याहून जास्त झाला. रस्त्यात गाडी अडवून तपासण्याचा अधिकार पोलिसांना आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे, रस्त्यावरच्या पोरांना नाही. गाईची काळजी असणारा माणूस गाभण गाय तीन तास हौद्यात उभी ठेवत नाही. पुन्हा असं झालं तर वाद घालू नका, गाडीतून उतरू नका, 112 ला फोन करा आणि पोलीस ठाण्यातच बोलू म्हणून सांगा. जनावरं जप्त झाली तर ती गोशाळेत किंवा पांजरपोळात जातात आणि 2017 च्या नियमांप्रमाणे सांभाळण्याचा खर्चही मालकाच्या अंगावर येऊ शकतो. त्या नियमांवर 2021 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सुनावलं होतं की जनावर हे लोकांच्या उपजीविकेचं साधन आहे, दोषी ठरण्याआधीच ते काढून कसं घेता? तोवर न्यायालयात फेऱ्या मारणं मात्र शेतकऱ्याच्याच नशिबी येतं. म्हणून कागदात कमी पडू नका.

बाजाराची पावती एकटी पुरत नाही. राज्यात 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. तो बारा आकडी नंबर पावतीवर लिहून घ्या, विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, गाव, फोन त्याच कागदावर. डॉक्टरचा दाखला शुक्रवारी-शनिवारीच काढून ठेवा. ज्याचं जनावर आहे त्याच्या सातबाऱ्याची झेरॉक्स सोबत असली की "शेतीसाठीच चाललंय" हे सांगायला बळ येतं. गाय-बैलाच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं, कारण 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे आणि संशय सगळ्यांवरच घेतला जातो. शक्यतो दिवसाउजेडी प्रवास करा. आणि दिवस भरलेली, प्रवासातच विण्याची शक्यता असलेली किंवा व्यायल्याला 72 तास न झालेली गाय-म्हैस गाडीत घेऊच नका. हा नियमही आहे आणि शहाणपणही. मालक कितीही घाई करो, चार दिवस थांब म्हणा. दूध तुटलेली म्हैस घरी नेऊन त्याचाच तोटा होतो.

नियम जसाच्या तसा योग्य आहे असं मात्र मी म्हणत नाही. शेळीला प्रत्येकी वेगळा कप्पा ही कल्पना कागदावर बरी वाटते, पण शेळी कळपाचं जनावर आहे. एकटी पडली की ती ओरडत राहते, धडका मारते. आठ-दहांचा कप्पा जास्त शांत राहतो, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. रविवारच्या बाजाराला पहाटे दाखला द्यायला दवाखाना उघडा नसतो, हाही खरा अडथळा आहे. छोट्या पिकअपला कप्पे बसवायला आणि परवाना काढायला पैसे लागतात. त्यासाठी मदत मिळावी, बाजाराच्या दिवशी डॉक्टर बाजारातच बसावा, अशा मागण्या शेतकऱ्यांनीच करायला हव्यात. 2022 च्या मसुद्यावर हरकती द्यायला लोकांच्या हाती जेमतेम अडीच आठवडे होते. तुमच्या गावात त्याची चर्चा झाली होती का? पुढचा मसुदा येईल तेव्हा व्हॉट्सॲपवरचा संदेश पुढे ढकलण्याऐवजी ग्रामसभेत ठराव करा, पंधरा पिकअपवाल्यांच्या सह्या घ्या, मराठीतच लिहा, आणि त्यात हौद्याचं माप, भाडं, अंतर, दवाखान्याची वेळ असं सगळं आकड्यांत मांडा. "शेतकऱ्यावर अन्याय" एवढंच लिहिलेलं पत्र कुणी उघडत नाही. "आमच्या बाजारात धक्का नाही, दाखला देणारा डॉक्टर रविवारी नसतो" हे मात्र खात्याला टाळता येत नाही.

शहरातल्या लोकांनी तुमच्याविरुद्ध काही ठरवलंय का, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. शहरातले बहुतेक लोक तुमचा विचारच करत नाहीत, ना बाजूने ना विरुद्ध. मटणाच्या दुकानातल्या माणसाला बोकड 38 किलोमीटर कसा आला हे माहीत नसतं. तो प्रवास फक्त तुम्हाला आणि त्या बोकडाला माहीत असतो.

येत्या रविवारी पंधराच भरा. उतरवल्यावर किती जणी लगेच उभ्या राहून पाण्याकडे गेल्या आणि किती जणी मान टाकून बसल्या ते मोजा, आणि मला कळवा. घरी बायकोलाही त्या पाटीबद्दल सांगा. आणि ती गाभण गाय, शेजाऱ्याची, व्यायली का? तिचं आणि वासराचं कसं आहे तेही लिहा.